चवथीला पण शटर उघडंच? सणाला दुकानं बंद ठेवली तर काय बिघडतं

डिचोलीची_सून:

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं मूळ घर डिचोलीच्या बाजूला. चार भावांचं कुटुंब, वर्षभर कोण पणजीला, कोण वास्कोला, एक बेळगावला, पण चवथीला सगळे घरी, यात चर्चा नाही. गणपती दीड दिवसाचा. म्हणजे अख्ख्या वर्षात जेमतेम छत्तीस तास घरातली सगळी माणसं एका सोप्यावर बसलेली दिसतात, तेवढेच. आता माझी धाकटी जाऊ म्हापशाला एका सुपरमार्केटात काउंटरला आहे (नाव लिहीत नाही, उगाच तिच्या नोकरीवर यायचं). गेल्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला, बुधवारी होती आणि हिची ड्युटी लागली सकाळी आठ ते दोन. आठवडाभर आधीपासून म्हणत होती कोणाशी तरी बदलून द्या, पण बदलून घेणार कोण, सगळ्यांच्याच घरी गणपती.

नेवऱ्या (करंज्या) तिनंच तळलेल्या, रात्री अकरा वाजेपर्यंत. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची चौकट) बांधताना खालून एकेक वस्तू हातात देत होती ती, तोरिंगां, चिबूड, आंबाडे, सुपारीचा घोस. आणि आरतीला तीच नाही. तिचा मुलगा पहिलीत, त्याच्या हातात पहिल्यांदाच कासाळं दिलं (झांज हो, बाहेरच्यांसाठी सांगते), तो वाजवण्यापेक्षा दाराकडे जास्त बघत होता. म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन काउंटरच्या खाली ठेवला होता, तिला आमचं दिसत होतं, आम्हाला तिथलं छत दिसत होतं. इकडे घुमट, शामेळ, आरती रंगात आलेली आणि मधेच फोनमधून बीप, बीप, बीप. सासूबाई म्हणाल्या हे काय वाजतंय? मी म्हटलं, धाकटी.

दोनला सुटली पण बस कुठे असते चवथीला. घरी पोचायला साडेतीन. खतखतं गार, सगळे जेवून आडवे झालेले. आणि एवढं करून दुकानात विक्री काय झाली म्हणून विचारलं तर सांगते कापूर, दूध, दोन टुरिस्टांनी घेतलेली बिस्किटं, आणि एक गृहस्थ गेल्या आठवड्यात घेतलेला मिक्सर परत करायला आले होते. चवथीच्या दिवशी. मिक्सर!

बदली सुट्टी मिळाली, नाही असं नाही. पुढच्या मंगळवारी. त्या दिवशी पोर शाळेत, नवरा कामावर, घरात ही आणि मांजर. म्हणाली चादरी धुतल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सणाची सुट्टी म्हणजे रजेच्या खात्यातला एक दिवस नाही हो, जो कुठेही उचलून ठेवला तरी चालतो. सगळे एकदम घरी असतात म्हणून ती सुट्टी. चवथीचा दिवस मंगळवारी परत देता येत नाही. वर्षात चार-पाच दिवस तरी दुकानं, शोरूम, ऑफिसं सरळ बंद ठेवायला काय जातं? तुम्हाला काय वाटतं लिहा.


निवांत_पर्वरी:

ताई, तुमच्या जावेबद्दल वाईट वाटलं, पण सरसकट बंद हे काय पटलं नाही. ज्याला काम करायचंय त्याला करू दे ना, ज्याला नको त्यानं रजा घ्यावी. सणाला ड्युटी केली की डबल पैसे मिळतात बऱ्याच ठिकाणी, कोणाला ते पैसे हवे पण असतील. मी आयटीवाला, माझा क्लायंट अमेरिकेचा, मला चवथ पण वर्किंग असते आणि त्यांचं थँक्सगिव्हिंग आलं की सुट्टी, मी काय धागा काढतो का. शिवाय गोवा टुरिझमवर चालतो. माणूस दिल्लीहून आला आणि सगळं बंद दिसलं तर परत येईल का?


डिचोलीची_सून:

दादा, ज्याला करायचंय त्याला करू दे हे ऐकायला छान आहे. रोस्टर लावणाऱ्याला नाही म्हणून बघा एकदा. तोंडानं कोणी काही बोलत नाही, पण पुढचे दोन महिने रविवार सगळे तुमच्याच नावावर येतात. आणि डबल पैसे कुठे? हिला बदली सुट्टी मिळाली, पैसे साधेच. तुम्ही घरी लॅपटॉपवर काम करता, आरतीला उठून जाता, मग परत येऊन बसता. काउंटरवरून उठता येत नाही, लघवीला जायचं तरी शेजारणीला सांगून जावं लागतं.


पसरेवाला_काका:

फोंड्याकडे माझा पसरो (किराणा दुकान) आहे, तीस वर्षं झाली. मी दुकानदाराच्या बाजूनं बोलतो, शिव्या घालू नका.

आधी चवथीला दीड दिवस कुलूप म्हणजे कुलूप. अर्थात लोक मागच्या दारानं यायचेच, काका, साखर, काका, कापूर, आमची मंडळी आतून ओरडायची की दुकान बंद करून काय फायदा, पुढचं दार लावून मागचं उघडलं. पण ते शेजारधर्माचं, एक पुडी दिली की परत पाटावर. दुपारी एक ते साडेतीन तर रोजच बंद, जेवायचं, जरा पडायचं, संध्याकाळी चहा घेऊन उघडायचं. त्याला लोक सुशेगाद म्हणून हसतात, हसू देत, माझी पोरं मला दुपारचं जेवताना बघत मोठी झाली.

मग आमच्या चौकात मोठं दुकान आलं. एसी वगैरे. ते दुपारी उघडं, रविवारी उघडं, चवथीला पण उघडं. पहिली दोन वर्षं मी बंदच ठेवलं. तिसऱ्या वर्षी काय लक्षात आलं, की चवथीला तिकडे गेलेलं गिऱ्हाईक पंचमीला माझ्याकडे परत येत नाही. सवय लागते. म्हणून आता मी पण सकाळी नऊ ते बारा उघडतो. मला आवडतं म्हणून? घरात गुरुजी आलेले असतात आणि मी इकडे पाव किलो गूळ जोखतोय.

म्हणून सांगतो, एकेकट्यानं बंद ठेवून होत नाही हे. मासेमारीचं बघा, १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस सगळे ट्रॉलर एकदम जेटीला लागतात. तो नियम माशांच्या विणीसाठी आहे, गोष्ट वेगळी, पण चालतो का? कारण सगळ्यांना एकच. एखाद्यालाच म्हटलं असतं की बाबा तुझा तू बंद ठेव, तर दुसऱ्या दिवशी शेजारच्याचं जाळं भरलेलं बघून यानं पण दोर सोडला असता. चवथीचा असा नियम आला तर फोंड्यात पहिलं शटर मी ओढीन, शब्द.


माटोळीप्रेमी:

धाग्याचा विषय सोडून विचारतो, माटोळीसाठी कांगणां आणि घागऱ्या चांगल्या कुठे मिळतात? गेल्या वर्षी म्हापशात उशिरा गेलो, सगळं सुकलेलं राहिलं होतं.


पसरेवाला_काका:

@माटोळीप्रेमी साखळीला किंवा वाळपईला जा, आणि आदल्या दिवशी सकाळी जा. सत्तरी तालुक्यातल्या बायका रानातनं आणतात. दुपारनंतर जाऊ नका, त्या संध्याकाळच्या आत टोपल्या पालथ्या घालून घरी जातात. हे पण विषयाला धरूनच आहे म्हणा. अख्ख्या गोव्याची माटोळी ज्यांच्या टोपलीतनं येते त्या बायका चवथीला बाजारात बसत नाहीत, कोणाचं काही अडत नाही. तुम्ही लवकर जाता, एवढंच.


बांदा_पणजी_बांदा:

मी सिंधुदुर्गातला, बांद्याहून रोज पणजीला येतो बाइकनं, पत्रादेवीमार्गे. सकाळी सहाला निघायचं. आमच्या गावातली अर्धी पोरं गोव्यात कामाला आहेत, शोरूम, फॅक्टरी, हॉटेल, आणि चवथ तर आमची पण तीच, तेवढीच मोठी.

सगळ्यांनी सुट्टी सुट्टी केलं पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. पगार कोण देणार? मी पहिली चार वर्षं रोजंदारीवर होतो. दुकान बंद म्हणजे हजेरी गेली. चवथीच्या महिन्यात खर्च दुप्पट, मूर्ती, भजनी मंडळींचं चहापाणी, बहिणीकडचं, आणि त्याच महिन्यात मालक दोन दिवस बंद ठेवून दोन दिवसांचे कापणार. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की बंद पाहिजे का, तर मी नको म्हटलं असतं. आई घरी वाट बघत असली तरी. म्हणून नुसतं बंद नको, पगारी बंद म्हणा.

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकान कायद्यानं ३६५ दिवस दुकान उघडं ठेवायला परवानगी दिली, पण त्यातच ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असतील तिथे वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या पण लिहिल्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि बाकी ४ मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. कागदावर बरं आहे. मिळून ठरवायचं म्हणजे मालक ठरवतो आणि आपण मिळून ऐकतो, हा भाग वेगळा.


रात्रपाळी:

नर्स आहे, बारा वर्षं झाली. आमचं बंद होऊ शकत नाही, व्हावं असं पण नाही, चवथीला फटाक्यानं भाजलेली पोरं येतात, नेवऱ्या खाऊन शुगर वाढलेले आजोबा येतात, आणि बाळं तर मुहूर्त बघून येत नाहीत. मला या धाग्याचा राग येत नाही, उलट दुकानं बंद असावीत असंच मला वाटतं. कारण सांगते.

सणाला काम करणारी माणसं जितकी कमी तितकं त्यांच्याकडे नीट बघता येतं. आता काय होतं, मॉल पण चालू, मोबाईलचं दुकान पण चालू आणि हॉस्पिटल पण चालू, मग सगळेच ‘काय करणार, ड्युटी आहे’ या एका ओळीत. खरी अडलेली ड्युटी आणि मिक्सर परत घेण्याची ड्युटी यात फरकच राहत नाही. चवथीला प्रायव्हेट बसा जवळजवळ नसतात, मी एकदा फर्मागुडीपासून पायलटच्या (बाइक टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून गेले, भर पावसात, युनिफॉर्म पिशवीत, डोक्यावर पण एक पिशवी. त्या पायलटाच्या घरी पण गणपती होता, म्हणाला बाय, तुला सोडतो आणि घर गाठतो, पैसे पण घेईना. हॉस्पिटलनं त्या एका दिवशी स्टाफसाठी गाडी फिरवली तर किती खर्च? आणि रोस्टर तीन महिने आधी लावा, ज्यानं यंदा चवथ केली त्याला पुढच्या वर्षी नाही, साधी वही पुरते त्याला. आमच्या वॉर्डात आम्ही आपसात अशी वही केली आहे, सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये असते, मागच्या सहा वर्षांचं सगळं त्यात आहे, भांडण झालं की वही काढायची.


कळंगुट_फ्रंटडेस्क:

हॉटेलवाला आलो. निवांतभाऊ म्हणतात टुरिझम, तर टुरिझममधलं आतलं सांगतो.

चवथ आम्हाला जड जात नाही. ऑगस्ट-सप्टेंबर ऑफ सीझन, शॅक सगळे बंद, रूम अर्ध्या रिकाम्या. हिंदू स्टाफला आम्ही सोडतो, ख्रिश्चन पोरं सांभाळून घेतात, किचनमध्ये कमी मेन्यू लावतो आणि रिसेप्शनला एक पाटी, आज आमच्याकडे सण आहे, जेवण साडेबारा ते दोनच. गेस्ट चिडत नाहीत हो! उलट विचारतात, काय सण, बघायला मिळेल का. दोन-तीन जण आमच्या स्टाफच्या घरी जाऊन माटोळीचे फोटो काढून आले, नेवऱ्या खाऊन आले, जाताना रिव्ह्यूमध्ये स्विमिंग पूल राहिला बाजूला, नेवऱ्यांवर लिहिलं.

खरी गोची नाताळची आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही, कारण इथे लिहिणारे बहुतेक चवथवाले. २४ डिसेंबरपासून ते १ जानेवारीपर्यंत आमच्याकडे रजा शब्द उच्चारायचा नाही. तेच पीक. म्हणजे ज्या ख्रिश्चन पोरांनी चवथीला आम्हाला सांभाळलं त्यांच्या सणाला त्यांना कोण सांभाळणार? आम्ही हिंदू स्टाफ दोघांचं काम करतो, मिडनाइट मासला दोन तास सोडतो, पण सोडतो म्हणजे काय, कपडे बदलून चर्चला जाऊन परत येऊन बुफे लावायचा. आमचा एक कुक आहे, कमीत कमी पंधरा वर्षं त्यानं नाताळचं दुपारचं जेवण घरी केलेलं नाही. सोरपोतेल तो दोनशे लोकांसाठी करतो, बायको घरी पाच लोकांसाठी करते. आता तुम्ही सांगा हॉटेल नाताळला बंद कसं करू. नाही करता येत. पण २५ तारखेला दुपारी रेस्टॉरंट तीन तास बंद ठेवलं, गेस्टना आधी सांगून, तर गेस्ट उपाशी मरणार आहेत का? मी दोन वर्षं मॅनेजमेंटला हे सांगतोय. उत्तर एकच, शेजारचं हॉटेल उघडं असेल. परत पसरेवाल्या काकांचा ट्रॉलर.


बोटीवरचा:

तारवटी. क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे सण म्हणजे जास्त टेबलं. अकरा वर्षांत चवथ दोनदा मिळाली, त्यातली एक लॉकडाउनमुळे. पण आम्ही सही करून जातो, आठ-नऊ महिन्यांनी दोन महिने सलग घरी असतो. म्हापशातल्या पोरीनं असली सही कुठे केली होती, ती रोज संध्याकाळी घरी येणारी नोकरी म्हणून लागली ना.


स्विंडनकर:

मूळ साखळी, आता आठ वर्षं स्विंडन. इथलं सांगतो कारण लोकांना वाटतं परदेशात सगळं चोवीस तास चालू असतं.

इंग्लंडमध्ये ख्रिसमसला २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान उघडता येत नाही, २००४ चा कायदा आहे त्याचा. ईस्टर संडेला पण मोठी दुकानं बंद. २५ डिसेंबरला ट्रेन पण नाही, लंडनची ट्यूब पण नाही. पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं, घरात दूध नव्हतं, अख्खं गाव फिरलो, शेवटी एका आपल्याच देशी माणसाचं कोपऱ्यावरचं दुकान उघडं सापडलं. छोट्यांना बंदी नाही ना. आता २४ ला सामान भरून ठेवतो, सवय झाली. भांडवलशाहीचा देश, एक दिवस बंद राहून बुडालेला काही दिसत नाही.

पण फार गुणगान पण नको. दुसऱ्या दिवशी बॉक्सिंग डेचे सेल. मी वेअरहाउसला होतो तेव्हा २६ ला पहाटे पाचची शिफ्ट, म्हणजे २५ ला रात्री आठलाच झोप, पोरं खाली खेळतायत आणि बाप वर कानात कापूस घालून. एक दिवस बंद म्हणजे खरंतर पाऊण दिवसच होतो. त्यामुळे नियम करायचा तर दीड दिवसाचा करा, गणपतीसारखा.


जुनी_जंत्री:

रविवारची सुट्टी पण आकाशातनं पडलेली नाही हे इथे आठवायला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना ठरलेली आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. मालकांनी ती मान्य केली १० जून १८९० ला. म्हणजे सहा वर्षं. एक रविवार मिळायला सहा वर्षं!

रविवार खंडोबाचा वार, ते कारण त्यात होतंच. पण मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की सगळ्यांना एकच वार मागितला. प्रत्येकानं आपापल्या सोयीनं एकेक दिवस घ्यावा असं नाही. एकच वार असला तर सभा भरते, लग्न ठरवायला माणसं भेटतात, जत्रेला जाता येतं. आता मॉलमध्ये ज्याला ‘रोटेशनल वीकली ऑफ’ म्हणतात ना, कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, ती सुट्टी मोजायला तेवढीच भरते पण नवऱ्याचा गुरुवार आणि बायकोचा सोमवार, भेटणार कधी.

आणि कायद्यानं एक दिवस सगळीकडे सुट्टी देता येत नाही असं कोणी म्हणू नका. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये आहेच, रोजंदारीवाल्यांना पण. त्याच निवडणुकीला मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दारूविक्री बंद. गोव्यात दारू दोन दिवस बंद राहू शकते तर मोबाईलचं कव्हर विकणं एक दिवस थांबू शकत नाही?


निवांत_पर्वरी:

जंत्रीकाका, शेवटचा मुद्दा बिनतोड.

बरं मी जरा मागे येतो. गेल्या चवथीला मी स्वतः ॲपवरून बिर्याणी मागवली होती. बायको माहेरी, मी एकटा, आमच्या घरी गणपती भावाकडे असतो आणि माझा कॉल होता म्हणून गेलो नाही. जो पोरगा घेऊन आला त्याच्या कपाळाला गंध होतं. तेव्हा काही वाटलं नाही, आज हा धागा वाचून वाटलं. तरी पण माझा एक प्रश्न उरतोच. बाहेरून आलेल्या कामगारांचं काय? आमच्या बिल्डिंगच्या बाजूला साइटवर झारखंडची वीस-पंचवीस पोरं आहेत. चवथीला काम बंद, ठीक. पण गाडे बंद, हॉटेल बंद, बेकरी बंद. ती पोरं दिवसभर खोलीवर, त्यांच्या दृष्टीनं तो सण नाही, उपास आहे.


पसरेवाला_काका:

हे खरं बोललास. माझ्याकडे पोरगा आहे हावेरीचा, त्याला चवथीची सुट्टी दिली तर तो मागच्या खोलीत झोपून काढतो. त्याला जायचं असतं नागपंचमीला, त्यांच्याकडे पंचमी मोठी, बहिणी माहेरी येतात. मी त्याला पंचमीला चार दिवस सोडतो आणि चवथीला आमच्या पानावर बसवतो. पहिल्या वर्षी लाजत होता, आता घुमट वाजवतो, आमच्या पुतण्यापेक्षा बरं वाजवतो, पुतण्याला सांगू नका.


बांदा_पणजी_बांदा:

आमच्या साइटवर पण बिहारची मंडळी होती. त्यांना छठ पाहिजे. आणि एक दिवस सुट्टी देऊन त्यांना काय करायचंय, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, चार दिवसांचं व्रत, म्हणजे सलग आठ-दहा दिवस लागतात आणि तिकीट दोन महिने आधी काढायचं. ठेकेदार रजा सांगतो आदल्या आठवड्यात. म्हणजे स्थानिकांसाठी दुकान बंद करणं आणि लांबच्यांसाठी रजा आधी लिहून देणं, ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच्या नावावर दुसरं टाळू नका.


रात्रपाळी:

+१. आणि जेवणाचं म्हणाल तर आमच्या वाड्यावर एक जण चवथीला साइटवरच्या पोरांना खतखतं आणि भात पाठवतो डब्यातनं. गाजावाजा काही नाही, पोरं डबा घासून परत करतात.


कळंगुट_फ्रंटडेस्क:

मग ठरवा ना इथेच एकदा, बंद कधी पाहिजे. माझी यादी: चवथ दीड दिवस, नाताळ एक दिवस (हॉटेलांना दुपारचे तीन तास), दिवाळीची पहाट. नरकासुर जाळून पहाटे घरी येऊन पोहे खायचे असतात, माझा स्टाफ रात्रभर जागून सातला टाय लावून उभा असतो, डोळे बघवत नाहीत. ईदचं मुस्लिम स्टाफला विचारून ठरवा, आपण ठरवू नये.


निवांत_पर्वरी:

शिगमो?


कळंगुट_फ्रंटडेस्क:

शिगम्याला गावागावात दिवस वेगळा, अख्खा गोवा कसा बंद करणार. तिथे रजाच बरी. सगळ्याला एकच औषध नाही.


माटोळीप्रेमी:

साखळीला जाऊन आलो, मागच्या चवथीला जे मिळालं नाही त्याची चौकशी करून ठेवली, काकांना धन्यवाद. आणि हो, माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. यंदा बंद ठेवतोय. लाइटिंगची माळ आधीच घेऊन जा म्हणून आत्ताच पाटी लावली. गिऱ्हाईक म्हणालं, आणि चवथीला बल्ब उडाला तर? म्हटलं समई लाव.


डिचोलीची_सून:

सगळ्यांचं वाचलं, एवढे लोक लिहितील वाटलं नव्हतं. पगारी बंदचं बांद्याच्या भाऊंनी सांगितलं ते मला सुचलंच नव्हतं, आमच्या घरात कोणी रोजंदारीवर नाही म्हणून असेल. नाताळचं पण.

यंदा चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. जावेनं हा धागा वाचला (मी दाखवला) आणि धीर करून मॅनेजरकडे गेली, कागदावर लिहून, गेल्या वर्षी मी केली, यंदा नको, वहीचा हिशोब सांगितला रात्रपाळीताईंचा. दुकान बंद ठेवता येईल का हे पण विचारलं. ते वरून ठरतं म्हणे, पुण्याहून. पण तुझं बघतो म्हणाला.

आत्ता संध्याकाळी तिचा फोन आला. सोमवारी तिची ड्युटी नाही. सासूबाईंनी लगेच तिला माटोळीच्या यादीला बसवलं, पोराला सांगितलं तर तो ताट आणि चमचा घेऊन वाजवत सुटला. मी विचारलं मग काउंटरला कोण? म्हणाली नवीन लागलेली एक मुलगी आहे, तिला नाही म्हणता आलं नाही. वाळपईची आहे. त्यांच्याकडे पण दीड दिवसाचाच.